आगीत राहणारा सॅलमँडर: बेळगावच्या आमच्या टेबलवर परत परत विचारले गेलेले प्रश्न

टिळकवाडीत एका मित्राच्या माडीवर आम्ही रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, म्हणजे फासे टाकत आपापलं पात्र घेऊन गोष्ट खेळायचा खेळ, दोघं खानापूरहून रेल्वेने येतात, एक निपाणीचा, बाकी गावातलेच, आणि डीएम, म्हणजे गोष्ट आणि राक्षस चालवणारा, मी. सॅलमँडर टेबलवर आला की दरवेळी तेच प्रश्न येतात आणि दरवेळी माझा घसा बसतो, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. आकडे सगळे पाचव्या एडिशनचे, २०१४ च्या नियमांतले. तुम्ही दुसरं काही खेळत असाल तर आकडे सोडून द्या, बाकीचं चालेल.

सॅलमँडर म्हणजे नेमकं काय?

कंबरेवर माणूस, कंबरेखाली साप, आणि हा सगळा ऐवज तापलेल्या लोखंडासारखा लालभडक. हातात भाला. राहायला आगीच्या लोकात, म्हणजे एलिमेंटल प्लेन ऑफ फायर, जिथं आपल्याला पाणी असतं तशी त्याला आग असते. इथंच बऱ्याच जणांचा घोळ होतो. आग हे त्याचं नुसतं हत्यार नव्हे, घर आहे. मासा पाण्याने कुणाला मारत नाही, तो पाण्यात राहतो, पण तुम्ही त्याच्याशी तळ्यात शिरून भांडायला गेलात तर बुडणार तुम्हीच. एवढं डोक्यात ठेवलं की पुढची निम्मी उत्तरं आपोआप सुटतात.

म्हणजे पाल ना?

नाही. सरडा नाही, घोरपड नाही, सापसुरळी पण नाही. गेमातला तर अर्धा माणूस आहे, आणि खरा जो असतो तो दिसायला पालीसारखा असला तरी जात बेडकाची, म्हणजे उभयचर.

खरा सॅलमँडर पण असतो?

असतो की. युरोपात काळ्या अंगावर पिवळे ठिपके असलेला एक असतो, त्याला फायर सॅलमँडरच म्हणतात. भारतात म्हणाल तर दार्जिलिंगकडच्या डोंगरात एक हिमालयन सॅलमँडर मिळतो. आपल्या सह्याद्रीत एकही नाही. खानापूरच्या मित्राने मला छातीठोक सांगितलं होतं की चोर्ला घाटात त्याने पावसाळ्यात बघितलाय, फोटो मागितला तर निघालं देवगांडूळ. तेही उभयचरच, पण त्याला पायच नसतात. माझ्या मते तर गेमातल्या सॅलमँडरच्या शेपटीला देवगांडूळच जास्त जवळचं, पण हे माझं मत, नियमात शोधू नका.

मग त्याचा आणि आगीचा संबंध आला कुठनं?

हा मला सगळ्यात आवडणारा प्रश्न आहे, तेव्हा थोडं बसा.

खरा सॅलमँडर ओलाव्यात राहतो, कुजक्या ओंडक्याखाली, सालीच्या फटीत. थंडीच्या दिवसांत माणसं लाकडं गोळा करून आणणार, चुलीत घालणार, आणि लाकूड तापलं की आत झोपलेला तो बिचारा जीव घेऊन बाहेर पळणार. बघणाऱ्याला काय वाटणार? आगीतनं जिवंत प्राणी आला! आपल्याकडं पावसाळ्यात चुलीला लाकडं लावताना आतनं विंचू निघतो तसलाच प्रकार, फक्त आपण विंचवाला आगीचा देव केला नाही.

त्यात त्याचं अंग ओलं आणि चिकट, आणि कातडीतनं विषारी रस सुटतो. त्यामुळं जुन्या ग्रीक लोकांत समज असा पडला की हा आगीतनं चालतो आणि आग विझवतो. अ‍ॅरिस्टॉटलने हे नोंदवून ठेवलंय. रोमन प्लिनीने तर लिहिलंय की तो इतका गार असतो की बर्फासारखा नुसता टेकला तरी आग विझते. म्हणजे बघा, मुळात तो आगीचा प्राणी नव्हताच, आगीचा दुश्मन होता! (हाच प्लिनी पुढं इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला तेव्हा मेला.)

मग हा विझवणारा पेटवणारा कधी झाला? सोळाव्या शतकात पॅरासेल्सस नावाचा वैद्य होता, त्याने चार तत्त्वांना चार प्रकारचे जीव वाटून दिले. पाण्यात अन्डिन, हवेत सिल्फ, जमिनीत नोम आणि आगीत सॅलमँडर. तो वारला १५४१ मध्ये आणि हे लिखाण छापून आलं १५६६ मध्ये. फँटसी गेममध्ये तुम्हाला जो आगीत राहणारा सॅलमँडर दिसतो त्याचा पणजोबा हा.

आणि मधेच मार्को पोलो. तो सांगतो की सॅलमँडर हा प्राणी वगैरे काही नाही, ते डोंगरातनं खणून काढायचं द्रव्य आहे, त्याचे तंतू काढून कापड विणतात आणि मळलं की आगीत टाकतात, पांढरं स्वच्छ होऊन बाहेर येतं. म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस. आपल्या गोठ्यावरच्या जुन्या सिमेंटच्या पत्र्यात असतं तेच. एका सेशनला मी पार्टीला, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीला, सॅलमँडरच्या लोकरीची घोंगडी दिली होती ती इथनं उचललेली, पण मास्क न लावता ती झटकायची नाही असा नियमही लावला होता, कारण अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ छातीला वाईट.

गेममध्ये हा कधीपासून आहे?

गेम आला १९७४ मध्ये, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांचा. १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअल या राक्षसांच्या पुस्तकामध्ये सॅलमँडर आहेच. तेव्हापासून भाला आणि शेपटी ठरलेली.

आकडे सांगा, गोष्टी नकोत.

घ्या. आर्मर क्लास, म्हणजे वार लागायला फाश्यावर किती पाहिजेत, १५. हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसतो, ९०. वेग ३० फूट. ताकद १८, बुद्धी ११. चॅलेंज रेटिंग, म्हणजे किती अवघड, ५, एक्सपी, म्हणजे हरवल्यावर मिळणारे गुण, १८००. आगीने काहीच होत नाही. जादू नसलेल्या हत्याराचा मार अर्धाच लागतो. थंडीचा मार दुप्पट.

एका टर्नला दोन वार: एक भाला, एक शेपटी. दोन्हीला फाश्यावर अधिक ७. भाल्याचे सरासरी ११ आणि वर आगीचे ३. शेपटीचे ११ आणि वर आगीचे ७, शिवाय शेपटी १० फुटांपर्यंत पोचते आणि लागली की गुंडाळतेच. त्यातनं सुटायला १४ पाहिजेत. दोन्ही वार बसले तर एका राउंडला सरासरी ३२ गेले समजा.

कुठल्या लेव्हलच्या पार्टीसमोर आणावा?

इथं माझी स्वतःची लाज सांगतो. पहिल्यांदा आणला तेव्हा पार्टी तिसऱ्या लेव्हलची, चौघं जण. मी म्हटलं रेटिंग पाचच तर आहे, चौघं मिळून एकाला काय आवरत नाहीत काय. पहिल्याच राउंडला विझार्डला (जादूगाराला) भाला बसला, मग शेपटी बसली, १७ हिट पॉइंटचा माणूस, आडवा. दुसऱ्या राउंडला फायटर (लढवय्या) गुंडाळला गेला. आणि एकदा गुंडाळलं की त्या माणसाला शेपटी आपोआप लागते, फासा टाकायलाच नको, हे मला पाठ होतं. पण गुंडाळलेलं असताना ती शेपटी दुसऱ्या कुणाला मारता येत नाही, हे त्याच्या पुढच्याच ओळीत लिहिलेलं मी वाचलंच नव्हतं! फायटर शेपटीत असतानाच मी त्याच शेपटीने क्लेरिकला (पुजाऱ्याला) पण झोडपला. चौघेही गेले. निपाणीचा मित्र वही मिटून म्हणाला, "मर्दा, ह्याला काय अर्थ हाय." घरी जाऊन वाचलं तेव्हा कळलं. पुढच्या रविवारी सगळ्यांची माफी मागितली, गिरमिट आणि मिरची माझ्या खर्चाने झाली आणि ती लढाई पुसून परत खेळलो.

हिशेब असा आहे. चौघांची पार्टी धरली तर तिसऱ्या लेव्हलला १६०० एक्सपीच्या वर गेलं की जीवघेणं, आणि हा एकटाच १८०० चा. चौथ्या लेव्हलला कठीणमध्ये बसतो. पाचव्याला एकटा असेल तर कागदावर चक्क सोपा निघतो. पण एकटा आणू नका ना, कंटाळवाणं होतं. त्याच्याबरोबर दोन फायर स्नेक (त्याची पिल्लं, खाली येतात) सोडा, प्रत्येकी २००, बेरीज २२००, तीन राक्षस असले की बेरीज दुप्पट धरायची, झाले ४४००, आणि पाचव्या लेव्हलच्या चौघांची जीवघेणी रेघ बरोबर ४४०० वरच आहे. रेघेवर चालायची मजा घ्यायची असेल तर हे घ्या.

त्याला मारलं तर मलाच भाजतं, हा काय नियम?

पाच फुटांच्या आत उभं राहून त्याला हातातल्या हत्याराने मारलं, किंवा नुसता हात लावला, तरी २डी६ (सहा बाजूंचे दोन फासे) आग तुम्हाला. म्हणजे सरासरी ७. पाचव्या लेव्हलचा फायटर टर्नला दोनदा मारतो, दोन्ही लागले तर १४ स्वतःच्याच अंगावर. मंक, म्हणजे नुसत्या हातापायांनी मारणारा, असेल तर विचारूच नका.

यावर आमच्याकडं मोठं भांडण झालं होतं. तलवार लांब असते, मी लांबनं मारतोय, मला कसं भाजेल, वगैरे. ते भांडण मिटवलं आमच्या फायटरने, तो उद्यमबागेत फौंड्रीत कामाला आहे. तो म्हणाला, लॅडल, म्हणजे ओतायचं भांडं, भरून वितळलेल्या लोखंडाचा रस घेऊन माणूस शेजारनं गेला ना, तर चार हातांवरनंच तोंड भाजतं, भुवया आखडतात, रसाला हात कोण लावतंय! रस साच्यात ओतताना तोंड तिकडं न करता ओतता येत नाही आणि तोंड तिकडं केलं की डोळ्यांतलं पाणी सुकतं. हाफ बाह्यांचा शर्ट घालून पहिल्या दिवशी गेला होता, संध्याकाळी हातावर शर्टाची हद्द उमटली होती, वर गोरा खाली लाल. बिडाचा रस तेराशे-चौदाशे डिग्रीला असतो. आता असल्या रसाचा आठ-दहा फुटी साप केलाय असं समज आणि त्याला जाऊन तलवार मार, म्हणाला. त्यानंतर आमच्यात हा प्रश्न कुणी काढला नाही.

उपाय आहे. वाक्यात "पाच फुटांच्या आत" लिहिलंय. ग्लेव्ह, हॅल्बर्ड, पाइक अशी लांब दांड्याची हत्यारं १० फुटांवरनं मारतात, त्यांना भाजत नाही. चौकटीच्या वहीवर एक चौकोन मोकळा सोडून उभे रहा. पण त्याची शेपटी पण १० फुटांची आहे हे विसरू नका, नाहीतर आगीतनं फुफाट्यात.

पाणी ओतलं तर?

नियमाप्रमाणं काहीही होत नाही. खरंच. पाण्याचा नियम आहे तो फायर एलिमेंटलला (चालत्या आगीला), सॅलमँडरला नाही, आणि लोक दोघांची कायम गल्लत करतात. तिथं पण एक गॅलन पाण्याला फक्त एक पॉइंट. १५ लिटरची बादली धरली तर जेमतेम चार गॅलन, म्हणजे चार पॉइंट, आणि फायर एलिमेंटल १०२ पॉइंटचा. सव्वीस बादल्या मोजून ओता मग.

सॅलमँडरवर पाणी ओतायचंच असेल तर आमचा घरगुती नियम चालवा, हा पण फौंड्रीवाल्याकडनंच शिकलेला. ओलं लॅडल रसाखाली धरलं, किंवा साच्यात ओल राहिली, की पाण्याची एका क्षणात वाफ होते आणि रस फटाक्यासारखा उडतो, म्हणून तिथं सगळं आधी शेकून कोरडं करून घेतात. तर: बादलीभर पाणी टाकलं की वाफेचा ढग, एक राउंड कुणालाच काही दिसत नाही, आणि टाकणारा पाच फुटांत असेल तर त्यालाच १डी६. पळून जायला फार चांगलं आहे. मारायला नाही.

माझ्याकडं फायरबॉल आहे.

ठेव तो दिवाळीला.

बरं मग मारायचा कसा?

थंडी. रे ऑफ फ्रॉस्ट हा साधा कॅन्ट्रिप, म्हणजे कितीही वेळा टाकता येणारा मंत्र, पाचव्या लेव्हलला २डी८, सरासरी ९, आणि याला दुप्पट म्हणजे १८, शिवाय वेग १० फुटांनी कमी. तेही ६० फुटांवरनं, म्हणजे भाजायचा प्रश्नच नाही. मोजून मिळणारा मंत्राचा स्लॉट खर्च न करता! आमच्या विझार्डला हे कळेपर्यंत तो तीन लढाया फायरबोल्ट टाकत बसला होता.

वॉरलॉक (जादूगाराचाच एक प्रकार) असेल तर आर्मर ऑफ अगाथिस हा मंत्र. पहिल्या पातळीच्या स्लॉटने टाकला तर तुम्हाला त्याने जवळनं मारलं की त्यालाच थंडीचे ५, म्हणजे १०. शेपटीत गुंडाळून घेतलंय, तो आपोआप मारतोय आणि त्याचेच १० जातायत, हे बघण्यासारखं असतं, पण मंत्राचे तात्पुरते हिट पॉइंट शिल्लक असेपर्यंतच.

सातव्या लेव्हलपासून बॅनिशमेंट, हद्दपारीचा मंत्र. तो दुसऱ्या लोकातला, त्यामुळं मिनिटभर कॉन्सन्ट्रेशन (मंत्रावरची एकाग्रता) टिकवलं तर परत येतच नाही, आपल्या घरी पोचतो. त्याची करिश्मा सेव्ह (मंत्रातनं वाचायचा फासा) फक्त अधिक १, बहुतेक वेळा पडतो.

आणि एक लक्षात घ्या, झोप, भुरळ, विष यातलं काहीच त्याला माफ नाही. आगीचा जीव म्हटल्यावर लोक धरूनच चालतात की त्याला विष लागत नसणार. लागतं.

मारायलाच पाहिजे का? बोलता येतं?

येतं, इग्नन, म्हणजे आगीच्या लोकातली भाषा, बोलतो. बुद्धी ११ म्हणजे तुमच्या पार्टीतल्या बार्बेरियनपेक्षा बहुतेक जास्तच.

आणि मला विचाराल तर सॅलमँडरशी न बोलता त्याला मारून टाकणं म्हणजे निम्मा पैसा वाया घालवणं. याची कथा ऐका. आगीच्या लोकात इफ्रीट हे मोठे सावकार. त्यांनी पितळेचं शहर बांधून घ्यायला अझर नावाच्या बुटक्या कारागिरांना कामावर लावलं, काम झाल्यावर त्यांनाच गुलाम करायला बघितलं, अझर निसटले. मग इफ्रीटांनी सॅलमँडर धरले आणि ते जमलं. म्हणून सॅलमँडर इफ्रीटांवर जळतात आणि अझरांवर त्याहून जास्त जळतात, की तुम्ही पळालात म्हणून आम्ही अडकलो. हे असलं राजकारण कुठल्याही गावच्या भाऊबंदकीत बघायला मिळतं. मारणाऱ्यापेक्षा सुटलेल्या भावावर राग जास्त.

आणि हे लोक लोहार आहेत. तापलेल्या धातूचं काम हा त्यांच्या हातचा मळ. खांडववन जळत होतं तेव्हा अर्जुनाने मयासुराला सोडून दिलं आणि त्याने पुढं मयसभा बांधून दिली, आठवतंय ना? तोच धडा इथं. पार्टीने सॅलमँडरला इफ्रीटाकडनं सोडवला तर तो काय घडवून देईल याचा विचार डीएमने आधीच करून ठेवावा. आमच्याकडं त्याने क्लेरिकला एक ढाल करून दिली जी कधीच गार होत नाही. आता ती पावसाळ्यात कपडे वाळवायला वापरतात. खानापूरचा पाऊस माहीत असणाऱ्याला यात हसण्यासारखं काही वाटत नाही.

फायर स्नेक म्हणजे त्याचं पिल्लू?

हो. सॅलमँडरचं अंडं म्हणजे दोन फूट व्यासाचा धुमसत्या ऑब्सिडियनचा गोळा, ऑब्सिडियन म्हणजे ज्वालामुखीची काळी काच. त्यातनं फायर स्नेक निघतो आणि वर्षभरात सॅलमँडर होतो. २२ हिट पॉइंट, रेटिंग १, इग्नन समजतं पण बोलता येत नाही, तान्ह्या पोरासारखं.

आमच्या टेबलवर एकजण कन्नड बोलणारा आहे, तो पहिल्याच दिवशी "बेंकी हावु" म्हणाला आणि तेच नाव पडलं. बेंकी म्हणजे आग, हावु म्हणजे साप. सीमाभागात पाटीवरच्या अक्षरांवरनं काय काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, पण आमच्या माडीवर इनिशिएटिव्हच्या (लढाईतल्या पाळीच्या) यादीत "बेंकी हावु १, बेंकी हावु २" असं मराठी अक्षरांत लिहिलेलं असतं आणि आजवर कुणी हरकत घेतलेली नाही.

यावर मी नवख्या पार्टीसाठी एक छोटी गोष्ट केली होती, पाहिजे तर वापरा. हंगामात एक गुऱ्हाळ चालू आहे. गुळव्या तक्रार करतो की चार दिवस चुलवाणात चिपाड कमी लागतंय आणि काईल नेहमीपेक्षा लवकर उकळतेय, गूळ करपतोय. मालक खूष, जळण वाचलं म्हणून. गुळव्या घाबरलेला. आत बघितलं तर राखेत काळा गोळा, तडकलेला, रिकामा. पिल्लू अजून चुलवाणात आहे आणि त्याला तिथं मस्त गरम वाटतंय. मारायचं, की हंगाम संपेपर्यंत ठेवायचं? हंगाम संपून चुलवाण गार पडलं की ते कुठं जाणार? आणि मुख्य म्हणजे, आई कुठं आहे? पहिल्या लेव्हलच्या पोरांनी यावर अडीच तास वाद घातला, एक फासा टाकला नाही. माझ्या खेळातली सगळ्यात चांगली संध्याकाळ ती.

गुऱ्हाळ नको असेल तर खानापूरकडं कौलांच्या आणि मडक्यांच्या भट्ट्या आहेत, कुंभाराचा आवा पण चालतो. आवा उघडल्यावर बाकीची मडकी कच्ची आणि मधलं एकच काचेसारखं झालेलं, एवढ्यावर सुरुवात होते.

सॅलमँडर, फायर एलिमेंटल, इफ्रीट, अझर. फरक काय, एका श्वासात सांगा.

फायर एलिमेंटल म्हणजे चालती आग, अक्कल कमी. अझर म्हणजे जळत्या दाढीचा बुटका, रेटिंग २. इफ्रीट म्हणजे मालक, रेटिंग ११, २०० हिट पॉइंट, पाचव्या लेव्हलला दिसला तर नमस्कार करा आणि निघा. सॅलमँडर या सगळ्यांच्या मधे पिचलेला.

आपला आग्यावेताळ म्हणून आणला तर चालेल का?

चालेल, पण नाव नुसतं वर चिकटवू नका. सॅलमँडर आगीत राहणारा, आग्यावेताळ आग घेऊन फिरणारा. आजीकडनं ऐकलेल्या गोष्टींत तो रात्री शेताच्या कडेनं दिवटीसारखा दिसतो, जवळ गेलं की लांब जातो. भाला नाही, लोहारकाम नाही, भूतयोनीतला आहे. नियमाच्या भाषेत तो एलिमेंटल नव्हे, अनडेड. मी आणला तेव्हा चकव्याची आणि याची सरमिसळ केली, पार्टी उजेडामागं जात राहिली आणि सकाळी जिथनं निघाली तिथंच. हिट पॉइंट वगैरे काही ठेवलेच नाहीत. लोक जास्त घाबरले.

एरवी आग्यावेताळ म्हणजे आमच्या बोलण्यात तापट माणूस. आमचा घरमालक.

घरचे म्हणतात असले खेळ खेळू नका, आगीचं भूत घरात येतं.

मित्राच्या आईने हेच विचारलं होतं. मी काही वाद घातला नाही, त्यांना एक सेशन बसवून घेतलं. अर्ध्या तासाने त्या म्हणाल्या, "अरे हे तर बेरजाच करायलेत." आता चहा वर येतो.

लढाई कुठं ठेवावी? मोकळ्या मैदानात मजा येत नाही.

बरोबर आहे, येणारच नाही. सॅलमँडरला त्याच्या घरात भेटा. त्याला आगीतनं चालायला काही वाटत नाही आणि तुम्हाला वाटतं, हा फरक नकाशावर दिसला पाहिजे. मी वहीवर निम्मे चौकोन लाल पेन्सिलने रंगवतो, ते धगधगते निखारे. सॅलमँडर त्यातनं सरळ जातो, पार्टीला वळसा. मग तो भाल्याने मारण्यापेक्षा शेपटीने ओढायला बघतो, गुंडाळायचं आणि लाल चौकोनात न्यायचं. एवढंच केलं तरी तोच ९० पॉइंटचा राक्षस दुप्पट वाटतो, एकही आकडा न बदलता.

जागा लांब शोधायला नको. आपलं बेळगाव दख्खनच्या लाव्ह्याच्या दक्षिण काठावर आहे, हा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पातळ होऊन वाहत होता. माझ्या कॅम्पेनमध्ये येळ्ळूरच्या राजहंसगडाखाली तो अजून एका ठिकाणी गार झालेला नाही, इतकंच मी बदललं. गडाची तटबंदी, पायथ्याचं गाव, सगळं पार्टीच्या बघण्यातलं. "तुम्ही गडावर आहात" म्हटल्याबरोबर सहाही जणांच्या डोळ्यांसमोर तीच वाट येते, वर्णन करायचे कष्ट वाचतात.

मिनिएचर कुठनं आणायच्या? फार महाग आहेत.

आणू नका. दिवाळीत पोरांच्या किल्ल्यासाठी मावळे मिळतात ते पार्टीसाठी घ्या, भालेवाले, तलवारवाले, सगळे असतात. सॅलमँडर शाडूचा करा. खाली वेटोळं, वर धड, टाचणीचा भाला, वाळल्यावर आधी पिवळा, मग केशरी आणि वर लाल असा कोरडा ब्रश फिरवा, म्हणजे खाचांत पिवळं राहतं आणि आतनं पेटल्यासारखं दिसतं. आधी लाल लावून त्यावर पिवळं मारू नका, मी केलं होतं, झेंडूचं फूल दिसायला लागलं.

नियमाचं पुस्तक विकत घ्यावंच लागतं का?

सॅलमँडरसाठी नाही. सिस्टीम रेफरन्स डॉक्युमेंट ५.१ म्हणून फुकट मिळतं, जानेवारी २०२३ मध्ये ते क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुलं केलंय, त्यात सॅलमँडरचे सगळे आकडे आहेत. गोष्टींसाठी मात्र मॉन्स्टर मॅन्युअल हे मोठं पुस्तक लागतं. आम्ही सहा जणांनी वर्गणी काढून एक घेतलंय, गणपतीसारखं ते पाळीपाळीने घरोघर जातं.

मला स्वतःला सॅलमँडर होऊन खेळायचंय.

नेहमीच्या नियमांत जमत नाही. गावात शिरलास की गवताची गंजी पेटणार, खाटेवर झोपू शकणार नाहीस, कुणी पाठीवर शाबासकी दिली तरी त्याला २डी६. टीफलिंग (सैतानी रक्ताची माणसासारखी जात) घे, आगीचा मार अर्धा लागतो, तेवढ्यावर भागव.

तो मेल्यावर त्याचा तापलेला भाला आपल्याला मिळतो ना?

भाला मिळतो, ताप मिळत नाही. त्याच्या हातात असलेलं कुठलंही धातूचं हत्यार तापतं, गुण हाताचा आहे, भाल्याचा नाही. आमच्या फायटरला हे पटेना, त्याने तीन सेशन तो भाला रोज रात्री शेकोटीत ठेवून झोपायचं असं जाहीर केलं. मी दरवेळी फासा टाकायला लावला आणि दरवेळी सकाळी भाला नुसता काळा झालेला निघाला. शेवटी त्याच्या शीटवर त्याने स्वतःच खोडून लिहिलं: भाला, एक, गार.